विषयांतर

उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या लाल पेनातून काही शब्द आपोआप उतरत असतात. 'छान', 'मुद्दे अपुरे', 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे', आणि 'विषयांतर'. वीसेक वर्षांच्या अध्यापनात आम्ही दोघांनी मिळून हा शेवटचा शब्द किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. त्यांतला एक मात्र पुसता आला असता तर बरे झाले असते, असे आम्हांला वाटत राहते. हा लेख त्या एका शेऱ्याविषयी आहे, आणि त्या शेऱ्याने आम्हांला ज्या माणसांपाशी नेऊन सोडले त्यांच्याविषयीही.

आम्ही दोघे आष्टीच्या परिसरात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या अंतिम वर्षाच्या चाचणीत आम्ही 'निसर्ग आणि मानव' असा निबंधाचा विषय दिला. विषय जुना, उत्तरेही जुनीच आली. बहुतेकांनी निसर्गाला आई म्हटले, तिच्या कोपाचे दाखले दिले आणि वृक्षारोपणाच्या आवाहनाने शेवट केला. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने मात्र दीड पानात आपल्या घरच्या गाईची हकीकत लिहिली होती. गाय गवळाऊ, तिसऱ्या वेताची. जंगलाच्या कडेला चरत असताना वाघाने धरली. बाप काठी आपटत, ओरडत दूर उभा राहिला. मग पंचनामा झाला, फोटो निघाले आणि भरपाईही मिळाली. पण पूर्वी ज्या टेकडीवर ढोरे चरत होती ती चराईला बंद झालेली, कुटार विकत घेऊन खाऊ घालणे परवडेना, म्हणून उरलेली जनावरे बापाने बाजार दाखवून मोकळी केली. निबंधाच्या शेवटी एक प्रश्न होता. जंगल राखायचे ठरले त्या बैठकीत आमच्या घरचे कोणी होते का, असा काहीसा.

त्यात निसर्गाचे वर्णन नव्हते, एकही काव्यपंक्ती नव्हती, प्रस्तावना नव्हती, समारोप नव्हता. आम्ही दहांपैकी चार गुण दिले आणि समासात लिहिले : 'विषयांतर'.

दिवाळीनंतर तो मुलगा वर्गात दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की नागपूरच्या बाजूला कुठल्याशा कारखान्यात लागला. आमच्या चार गुणांमुळे तो गेला असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. तो गेला, कारण घरची ढोरे गेली. पण जाताना त्याच्या विद्यापीठीय शिक्षणाने त्याला जे शेवटचे सांगितले, ते आम्ही सांगितले होते : तुझे हे सगळे विषयाला सोडून आहे.

आष्टीविषयी थोडे सांगायला हवे. महाराष्ट्राला हे गाव 'शहीद आष्टी' म्हणून माहीत आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, माणसे धारातीर्थी पडली. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या काळात चिमूर-आष्टीचा हा टापू भारून टाकला होता. दर वर्षी तो दिवस पाळला जातो आणि आमची मुले त्या दिवशी भाषणे करतात. दुसरे आष्टी त्या भाषणांत येत नाही. पश्चिमेला वर्धा नदी आणि ऊर्ध्व वर्धा धरणाचे अडलेले पाणी, काळ्या रानात संत्र्याच्या बागा, आणि त्यांच्यावर सागापळसाचे पानझडी जंगल पांघरलेल्या टेकड्या. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ जनावरांचा मूळ मुलूख. पांढरट, चपळ, हलक्या अंगाची ही जात या टेकड्यांच्या गवतावर आणि गवळ्यांच्या पायांवर घडली. २०१४ साली जिल्ह्यातले बोर अभयारण्य व्याघ्र प्रकल्प झाले. वाघाला नकाशावरच्या रेषा वाचता येत नाहीत. तो बोरमधून निघतो तो कारंजा-आष्टीकडच्या रानांतही येतो.

हे सगळे खिडकीबाहेर असताना आम्ही वर्गात निसर्गकविता शिकवत होतो, आणि ती मनापासून शिकवत होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून बालकवींपर्यंतचा धागा आम्हांला नेहमीच जवळचा वाटत आला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले टिळक आमच्या विदर्भातही राहून गेले. नागपुरात ते काही काळ होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला, ही कथा आम्ही रंगवून सांगतो. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरच्या त्यांच्या घरी कोवळे बालकवी येऊन राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. 'वनवासी फूल' लिहिणारा ख्रिस्ती कवी आणि 'फुलराणी' लिहिणारा त्याचा मानसपुत्र एका छपराखाली होते, हे चित्र कोणत्याही मराठीच्या शिक्षकाला भुरळ घालील असेच आहे. टिळकांच्या रानफुलात आम्ही वर्षानुवर्षे एकान्त शोधला, अध्यात्म शोधले, रोमँटिक वृत्ती शोधली. ते रान कोणाचे होते, त्यात कोणाची ढोरे चरत होती, हे विचारावे असे आम्हांला सुचले नाही. कवीने ते विचारायला हवे होते असा आमचा आग्रह नाही. पण मागच्या बाकावरच्या मुलाने ते विचारले तेव्हा तरी प्रश्न ओळखू यायला हवा होता.

तो ओळखू आला वर्ध्याला. एका चर्चासत्राच्या निमित्ताने आम्ही एसटीने आर्वीवरून वर्ध्याला गेलो होतो. दुपारचे सत्र टाळून मगनवाडीत शिरलो. खरे तर विद्यार्थिदशेत सहलीला येऊन गेलो होतो. तेव्हा चरखे पाहिले, रांगेत उभे राहून फोटो काढला आणि परतलो. या वेळी सावकाश हिंडलो आणि एका नावापाशी थबकलो : जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा.

नाव ऐकून होतो. गांधीजींचे अर्थतज्ज्ञ, एवढेच. ते ख्रिस्ती होते हे माहीत होते, पण त्याला काही अर्थ असेल असे वाटले नव्हते. परतल्यावर त्यांची पुस्तके मिळवून वाचू लागलो आणि आपण आजवर काय वाचत होतो, असा प्रश्न पडला.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांनी व्यवसाय केला, मग अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. भारताचे दारिद्र्य आणि सरकारचा जमाखर्च यांचा संबंध त्यांनी कोलंबियात अभ्यासला, आणि विलायती पोशाखातला हा गृहस्थ १९२९ साली ते टिपण घेऊन साबरमतीला गांधीजींकडे गेला. गांधीजींनी त्याला खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या पाहणीला धाडले. १९३४च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याचे संघटन कुमारप्पांकडे आले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या मगनवाडीत, संघाचे काम सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथेच मगन संग्रहालय उघडले.

तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन ही कामे पाहिली की आपण त्यांना 'कुटीरोद्योग' म्हणून मोकळे होतो. कुमारप्पांच्या मनात त्यांच्यामागे एक हिशेब होता, आणि हिशेबतपासनिसाचा हिशेब म्हणून तो काटेकोर होता. माणूस दोन तऱ्हांच्या संपत्तीवर जगतो, असे ते सांगत. एक साठ्याची : कोळसा, खनिज तेल, धातू, काढले की संपले. दुसरी वाहती : गवत, लाकूड, शेण, तेलबिया, जनावराची ताकद; नीट वापरली तर पुन्हा पुन्हा येणारी. साठ्यावर उभे राहिलेले जीवन हाणामारीकडे जाणार, कारण साठा थोडा आणि धनी पुष्कळ. म्हणून मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा 'मगन दीप' तयार झाला. हवामानबदल हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी वर्ध्याच्या एका बागेत कोणीतरी दिव्यातल्या तेलाचा असा विचार करत होता.

त्याहून आम्हांला थांबवले ते जंगलाविषयीच्या त्यांच्या लिखाणाने. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने १९३०च्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुमारप्पा होते. म्हणजे आमचाच मुलूख त्यांनी पाहिला होता. जंगलांचा कारभार महसुलाकडे पाहून चालवू नये, भोवतालच्या गावांच्या गरजांकडे पाहून चालवावा, असे त्यांचे मत होते. जंगलांचे त्यांनी दोन वर्ग सुचवले. इमारती लाकडाची जंगले दूरच्या भविष्याचा विचार करून राखावीत, आणि सरपण-गवताची जंगले लोकांना फुकट किंवा नाममात्र दरात खुली असावीत. कुंभाराची भट्टी, गुळाची कढई, कागदाचा लगदा यांना सरपण-गवत स्वस्त मिळाले नाही तर गावातले धंदे मरतील, हेही ते बजावत. आमच्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या प्रश्नाचे मोठे भावंड आम्हांला या लिखाणात भेटले. फरक इतकाच, की कुमारप्पांच्या लेखनावर 'विषयांतर' असे लिहिण्याची आमची छाती झाली नसती.

इथे कोणी विचारील की यात ख्रिस्ती ते काय. आम्हीही विचारले. उत्तर त्यांच्या तुरुंगातल्या दिवसांत सापडते. १९४२च्या लढ्याने आष्टीची माणसे तुरुंगात गेली, मगनवाडीचे कुमारप्पाही गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूची शिकवण आणि आचरण यांवर, दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. दोन्ही १९४५च्या सुमारास प्रसिद्ध झाली, दोहोंना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. आम्ही ती पाठोपाठ वाचली तेव्हा ध्यानात आले, की ही एकाच पुस्तकाची दोन अंगे आहेत. 'माझा शेजारी कोण?' हा बायबलमधला जुना प्रश्न कुमारप्पांनी बाजारात नेऊन उभा केला. आपण एखादी वस्तू विकत घेतो तेव्हा ती ज्या परिस्थितीत तयार झाली तिचे आपण वाटेकरी होतो. वस्तू जितकी दुरून येते तितके तिच्यामागचे पाप दिसेनासे होते. म्हणून शेजाऱ्याचे घ्या. तिथे अन्याय झाला तर तो डोळ्यांना दिसतो. स्वदेशीला त्यांनी दिलेला हा अर्थ देशाभिमानापेक्षा शेजारधर्माच्या अधिक जवळचा आहे.

हा शेजारधर्म त्यांना त्यांच्या चर्चने सहज दिला असेही नाही. १९३० साली सत्याग्रहाच्या काळात त्यांनी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना जाहीर आवाहन केले तेव्हा वरिष्ठ धर्मगुरूंशी त्यांचा वाद झाला. ज्या सरकारने १८७८च्या कायद्याने जंगलांवर रेषा मारल्या आणि गावांचे हक्क 'सवलती' करून टाकले, तेही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. म्हणजे ख्रिस्ती हे नाव रेषेच्या दोन्ही बाजूंना होते. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली पर्यावरणाच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत शोधली. माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे या समजुतीला त्यांनी दोष दिला. तो आरोप सहज झटकण्यासारखा नाही. परंतु उत्पत्तीच्या त्याच पुस्तकात पुढच्याच अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची निगा राखण्यासाठी. सत्ता आणि राखण यांत कोणता अर्थ निवडायचा हे वाचणाऱ्यावर असते. एखाद्या संहितेतून कोणता अर्थ निघतो हे ती कोण, कुठे बसून वाचतो यावर ठरते, ही गोष्ट साहित्याच्या शिक्षकांना तरी कोणी समजावून सांगायला नको. कुमारप्पांनी ती मगनवाडीत बसून वाचली.

स्वातंत्र्यानंतर ते आमच्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला गेले आणि तिथे त्यांनी 'पन्नई आश्रम' काढून शेतीचे प्रयोग आरंभले. गावाच्या जमिनीत कोणते पीक किती घ्यायचे हे बाजारावर न सोडता गावाच्या आहारावरून ठरवावे, या संतुलित शेतीच्या कल्पनेचा तो काळ. प्रकृती ढासळत गेली, पुढे ते तमिळनाडूत परतले, आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, वारले. १९७३ साली शुमाखर यांचे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' आले. त्यातल्या बौद्ध अर्थशास्त्रावरील प्रकरणात कुमारप्पांचा आधार घेतला आहे. हिंदू म्हणवणाऱ्या गुरूच्या ख्रिस्ती शिष्याचा विचार बौद्ध अर्थशास्त्र म्हणून जगभर गेला, आणि वर्ध्यापासून तीन तासांच्या आतल्या मराठी विभागात आम्हांला तो माहीत नव्हता. तो इंग्रजीत लिहिलेला होता, आणि आमच्या व्याख्येप्रमाणे 'साहित्य' नव्हता.

मग आम्ही मागे वळून पाहिले, की विचारांची ही ओळ पुढे कुठे गेली. दोन ठिकाणे ठळक दिसली, आणि दोन्हींची वाट मराठी साहित्यातूनच जात होती.

पहिले टिळकांचे नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. स्वित्झर्लंडमधून १९४८ साली भारतात आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी आयुष्याचा मोठा भाग या अवर्षणाच्या जिल्ह्यात घालवला. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था काढली. त्यांच्या पद्धतीचा गाभा असा, की संस्था गावात शिरून काम सुरू करत नाही. आधी गावाने एकत्र येऊन ठराव करायचा, श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लावून घ्यायची, पाणलोट समिती निवडायची. मग पैसा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६नंतरच्या पाच वर्षांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडे झाली आणि टँकरवर जगणाऱ्या गावाच्या विहिरींना पाणी आले.

हे वाचताना 'चराईबंदी' या शब्दाशी आम्ही अडखळलो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरची ढोरे ज्या शब्दाने गेली तोच हा शब्द. बंदीचा पहिला भार ज्याला जमीन नाही आणि ज्याच्यापाशी चार शेळ्या आहेत त्याच्यावर पडतो. गवत परत येते तेव्हा त्याचा पहिला लाभ मात्र जमीनवाल्याला होतो. गावाने स्वतः लावलेली बंदी आणि वरून आलेली बंदी यांत फरक एवढाच, की पहिल्या वेळी तो शेळ्यावाला बैठकीत बसलेला असतो, भांडू शकतो, बंदी टप्प्याटप्प्याने लावा म्हणू शकतो. हा फरक कागदावर फार छोटा दिसतो. तोच त्या मुलाने विचारला होता.

दुसरे ठिकाण वसई. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव आमच्या वाचकांना सांगायला नको. नंदाखालचा हा धर्मगुरू अनेक वर्षे 'सुवार्ता'चा संपादक होता. 'सुबोध बायबल'साठी २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि २०२० साली उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२४च्या जुलैत ते गेले. त्यांच्या लेखनावर आम्ही विद्यार्थ्यांकडून टिपणे लिहून घेतो. पण १९८०च्या दशकाच्या शेवटी वसईची केळी, पानवेली आणि भाजीच्या वाड्यांची हिरवी पट्टी इमारतींसाठी खुली होऊ लागली तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली हजारो माणसे रस्त्यावर आली आणि या माणसाने त्यांच्या पुढे चालून दडपण सोसले, हे आमच्या टिपणांत एका ओळीचे असते. वसईच्या वाडीवाल्याच्या दृष्टीने विहिरीचे गोडे पाणी, वाडी आणि बोली ही वेगवेगळी नव्हतीच. त्या लढ्यात ख्रिस्ती होते तसे हिंदू होते, कारण विहीर खारी होताना धर्म विचारत नाही.

दिब्रिटोंची संमेलनाध्यक्षपदी निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी आक्षेप घेतला. 'यांना झाडांचे, पाण्याचे काय पडले आहे? आत काहीतरी दुसरे असणार', हा संशय ख्रिस्ती माणसाच्या सामाजिक कामाला आपल्याकडे सावलीसारखा चिकटतो. तो नेहमीच निराधार असतो असा दावा करण्याइतके आम्ही भोळे नाही. सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागणारे लोक इतिहासात झाले आहेत, आणि कुमारप्पांनीच त्यांना कठोर शब्द सुनावले आहेत. पण या तिघांच्या कामाकडे पाहिले तर एक गोष्ट सामाईक दिसते. कुमारप्पांनी आपले आडनाव कॉर्नेलिअस मागे टाकून घराण्याचे जुने नाव घेतले आणि खेड्यात राहायला गेले. बाखरांनी निर्णय ग्रामसभेच्या हाती ठेवला. दिब्रिटो मुळातच त्या वाडीचे होते. निसर्ग 'वाचवायला' बाहेरून येणारा माणूस आणि शेजारी म्हणून राहून त्याची राखण करणारा माणूस यांच्यातले अंतर तिघांनी आपापल्या परीने कापले. त्यांच्या ख्रिस्ती असण्याचा या कामातला वाटा आम्हांला तिथे दिसतो. झाडांना क्रूस टांगण्यात तो नव्हता.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्हांला त्या मुलाला भेटावेसे वाटले. पोळ्याला तो घरी आला होता. आम्ही त्याच्या गावी गेलो. आमच्या भागात पोळ्याच्या दिवशी कोणाच्याही दारी गेले तरी झुली, बेगड, बैलांच्या गळ्यांतल्या घागरमाळा दिसतात. त्याच्या दारी कोठा रिकामा होता. गव्हाणीत त्याच्या आईने वापरात नसलेली भांडी पालथी घालून ठेवली होती. वडील "या गुरुजी, या मॅडम" म्हणत उठले आणि त्यांनी खाटेवर चादर अंथरली.

बोलता बोलता आम्ही त्याला कुमारप्पांची पाच अर्थव्यवस्थांची गोष्ट सांगितली. मेंढी गवत खाते. वाघ मेंढीलाच खाऊन मोकळा होतो, ती परोपजीवी रीत. माकड आमराईत शिरून फळे ओरबाडते, ती लुटारूंची. मधमाशी मध नेताना फुलाचेही काम करते, ती उद्यमाची. आणि ती ते साऱ्या पोळ्यासाठी करते, म्हणून समूहाचीही. पक्षीण पिलांना भरवते, ती सेवेची, सगळ्यांत वरची. आम्हांला वाटले होते, वाघाला खालच्या पायरीवर ठेवणारी ही गोष्ट त्याला पटेल.

त्याने मान हलवली. "नाई मॅडम, वाघ चोर नोहे. त्याले भूक लागते तं तो खाते. आपल्या घरी पाव्हना आला, अन् आपल्याले न इचारता कोणं त्याले आपल्याच खोलीत निजवला, तं आपल्याले पाव्हन्याचा राग नाई येत."

वडील म्हणाले, "वाघ पयलेही होता. ढोरंही होते. तवा रान मोठं होतं."

आजचे पर्यावरणशास्त्र या बापलेकांच्या बाजूने आहे. तृणभक्षकांवर वचक ठेवणारा वाघ नसेल तर गवताचीच धडगत नसते. त्याला परोपजीवी ठरवताना कुमारप्पांची उपमा चुकली. आम्ही ज्यांना एवढे मानू लागलो होतो त्यांची चूक आमच्या विद्यार्थ्याने, त्याच वाघाने गाय नेलेल्या घरात बसून, दाखवून दिली. आणि तरी कुमारप्पांचा मूळ प्रश्न त्याच्या उत्तरात जसाच्या तसा होता : कोणाला विचारून?

निघताना आम्ही ओशाळून सांगितले की त्याच्या निबंधाला चार गुण देणे ही आमची चूक होती. तो निबंध आम्हांला महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात लावायचा आहे. तो हसला. पेपर तुमच्याकडेच आहे ना, म्हणाला.

नव्हता. चाचणीच्या उत्तरपत्रिका मुदत संपली की रद्दीत जातात. त्या वर्षीचा गठ्ठा कधीच गेला होता. त्या दीड पानाबद्दल वर जे लिहिले आहे ते आमच्या स्मरणातले आहे, त्याचे शब्द नव्हेत. पुन्हा लिहून दे म्हटले तर त्याने रिकाम्या कोठ्याकडे पाहिले. "आता काय लिहू, सर? आता ढोरंच नाई."

यंदाही आम्ही टिळक शिकवले, बालकवी शिकवले, आणि वेळापत्रकात बसत नसताना दोन तासिका कुमारप्पांवर घालवल्या. चाचणीसाठी निबंधाचा विषय आम्ही बदलला : 'आमच्या शिवारातले एक जनावर'. गठ्ठा टेबलावर आहे. पहिल्याच पेपरात एका मुलीने गाईवर लिहायला घेऊन अर्धे पान सावकारावर लिहिले आहे. लाल पेन हातात घेऊन आम्ही दोघे बराच वेळ नुसते बसलो होतो.